चढताना बरी, उतरताना आजारी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. मुलापाशी नाही, सख्ख्या भावापाशी नाही. देवळात हात जोडून उभा राहतो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही — न जाणो, देवी ऐकत असली तर? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर सांगितलं असतं का? छे. जीभ उचलली नसती.

आधी माझा स्वभाव सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी माणूस संशयी. जन्मजात होतो की नोकरीने झालो, कोण जाणे. नोकरीभर एसटीच्या गाड्यांवर तिकिटं तपासली. देवरूख, राजापूर, नाटे, पार पोफळीपर्यंत — कुठल्या वळणावर गाडीत चढलं म्हणजे माणूस बेसावध सापडतो, ते मला पाठ. आणि एक खूण तर मी नव्या लोकांना हमखास शिकवायचो. ज्याच्याकडे तिकीट असतं तो आधी तुमच्या तोंडाकडे बघतो. ज्याच्याकडे नसतं, त्याचा हात तुम्ही विचारायच्या आत शर्टाच्या खिशावर जातो. चाचपतो. एवढ्या एका खुणेवर मी कितीतरी जणांना भर गाडीत उभं केलं. लग्नाला निघालेले पाहुणे, एक वकील, एकदा तर कीर्तनकारबुवा. सोडलं नाही कुणाला. फार अभिमान होता हो मला त्याचा. घरी आलो की मालतीला — माझ्या बायकोला — साग्रसंगीत गोष्टी सांगायचो, आणि ती भाकरी थापता थापता म्हणायची, "अहो, एखाद्याचं खरंच हरवलं असेल की."

रिटायर झालो. गाडी सुटली, पण डोळा तोच राहिला. आणि घरात तपासायला उरली कोण? मालती.

आमची वाडी खाली, खाडीच्या अंगाला. एसटी थांबते वर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. मधे पाखाडी — चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूंनी दगडी गडगे, पावसात शेवाळ धरते. दळण असो, बाजार असो, लग्नाचं वऱ्हाड असो, सगळं त्या पाखाडीनेच वर जातं आणि खाली येतं. तर साठी उलटल्यावर मालतीला पायांचं दुखणं लागलं. चालायला लागली की थोड्याच वेळात पोटऱ्या भरून यायच्या, पाय जड व्हायचे, मुंग्या यायच्या. बसली की बरं. पुढे वाकली की बरं. रत्नागिरीला नेऊन मोठी तपासणी केली. मणक्यातून पायांकडे नसा जातात, ती जागा आतून अरुंद झालीय असं निघालं. ऑपरेशनची तूर्त घाई नको, म्हणाले.

आता माझं डोकं कसं चाललं बघा. लावणीच्या दिवसांत ही मळ्यात वाकून भात लावायची — एका शब्दाची कुरकुर नाही. आणि रस्त्याने माझ्याबरोबर चालायची वेळ आली की दर गडग्यापाशी थांबणार. गडग्यावर हात टेकून पुढे वाकणार, पलीकडच्या माडांच्या आगरात काय बघतेय कुणास ठाऊक, आणि वायच वेळाने पुन्हा चालू. पण सगळ्यात मोठा पुरावा पाखाडीचा. वर जाताना? पुढे झुकून, गुडघ्यांवर हात देत, पण जायची. न थांबता जायची! आणि उतरताना चार पायऱ्या झाल्या की बसलीच, डोळ्यांत पाणी. अहो, जगात कुणालाही विचारा, चढणं कठीण की उतरणं? चढताना बरी आणि उतरताना आजारी, असलं दुखणं कुठे असतं? वर म्हणजे बाजार, माणसं, मोकळं वारं. खाली म्हणजे घर, चूल आणि मी. मी निकाल देऊन टाकला — हिला दुखत-बिखत काही नाही. हिला घरी यायचं नसतं.

आणि हे मनात ठेवलं असतं तरी चाललं असतं. मी चारचौघांत, पाखाडीवर, लोक येत-जात असताना विचारलं, "चढताना कसं जमतं गो मग?" तिला तरी कुठे ठाऊक होतं कसं जमतं ते? तिचंच तिला नवल वाटायचं. त्यानंतर तिने दुखतं म्हणून सांगायचंच सोडून दिलं, आणि ते माझ्या लेखी आणखी एक पुरावा ठरलं.

मग रुबीना आली. खालच्या बंदरावरच्या मोहल्ल्यातली पोर. बाप आखातात, त्याने तिला परदेशात शिकायला पाठवलेलं. गोळी नाही, सुई नाही, हातांनी मणक्यावर उपचार करायचे — कायरोप्रॅक्टिक म्हणतात त्याला. रत्नागिरीत एका गल्लीत तिने दवाखाना घातला होता. मालतीने कुणाकडून तरी ऐकलं आणि हट्ट धरला. आयुष्यात पहिल्यांदा हट्ट धरला असेल बाईने.

पहिल्याच दिवशी रुबीनाने तिला विचारलं, "काकी, तुम्हाला काय करता यायला हवंय?" मालतीला सांगायला एक क्षण लागला नाही. आमच्याकडे शिमग्याला देवीची पालखी वर सड्यावर सहाणेवर, तिच्या चौथऱ्यावर बसते. बायका तिथे जाऊन ओटी भरतात, मग ढोल वाजत पालखी पाखाडीने खाली येते आणि सगळी वाडी तिच्या मागून. लग्न होऊन आल्यापासून मालतीने ते चुकवलं नव्हतं. "पालखीमागून पाखाडी उतरायचीय मला. माझ्या पायांनी." एवढंच तिचं मागणं. मी शेजारच्या खुर्चीत बसून मनात म्हटलं, बघा, नाटकात आता देवीलाही घेतलं.

रुबीनावर संशय घ्यायला मला कारणं काय कमी? वय कोवळं. भिंतीवरचं प्रमाणपत्र परदेशी, एक अक्षर लागेना. त्यात धर्म वेगळा — हेही होतं मनात, कशाला लपवू, लपवायचं नाही म्हणून तर बसलोय. आणि मोबाइलवर मी त्यांचे व्हिडिओ बघितले होते. माणसाची मान धरून काय वळवतात, काय ते कडाकड आवाज! इथे तसलं काहीच नाही. मधून वाकणारं एक टेबल, त्यावर मालती पालथी, आणि ही पोर एक हात कमरेवर ठेवून टेबलाचा पायाकडचा भाग हळूहळू खाली नेतेय, वर आणतेय. आवाज नाही की काही नाही. आवाज आला असता तर म्हटलं असतं, हाडं मोडतेय. आवाज नाही, तर म्हटलं, काहीच करत नाहीये. माझ्याकडून सुटका कशी असणार कुणाची?

त्यात ती सरळ बोलायची, याचा मला फार राग. म्हणाली, "काकी, जी जागा अरुंद झालीय ती माझ्या हातांनी रुंद होणार नाही. त्रास कमी होईल, थोडं जास्त चालवेल, तेवढं मी बघते. पाय कमजोर व्हायला लागला तर मात्र माझं काम संपलं. मग सर्जनच." आता तुम्हीच सांगा, कुठला दुकानदार स्वतःच्या मालाला असं म्हणतो? मला वाटलं, नक्की यात काहीतरी गोम आहे.

पाखाडीचं कोडंही तिनेच सोडवलं. पुढे वाकलं की आत नसांना थोडी जागा होते, ताठ झालं किंवा मागे रेललं की ती आवळते. चढताना माणूस पुढे झुकतो. उतरताना मागे. एवढं सोपं. मालती घरी येताना गाडीत नुसती फुलून गेली होती. माझा हात दाबून म्हणाली, "अहो, म्हणजे मी खोटी नाही!"

आणि मी काय म्हणालो? "बरं पढवून ठेवलंय तुला."

तिचा चेहरा असा काही उतरला — तो अजून दिसतो मला. पण मला सांगायचंय ते हे नाही. हे तर सगळ्या वाडीने पाहिलंय, असला नवरा आहे हे लोकांना माहीत आहे. सांगायचंय ते पुढे आहे. जमेल तसं सांगतो.

मालतीला फरक पडला. तो मी कबूल केला नाही, पण पडला. दोन गडगे सोडून तिसऱ्यापाशी थांबायला लागली. घरी ती सतरंजीवर निजून गुडघे पोटाशी घेण्याचे व्यायाम करायची आणि मी ओट्यावरून पेपरआडून बघायचो, खरंच करते की कसं.

मग चप्पल. दिवाळीच्या आसपासची गोष्ट. आम्ही पाखाडी उतरत होतो, ती पुढे, मी मागे. बघतो तर पायरीवर डाव्या पायातली चप्पल पडलेली आणि ही बाई एका पायाने अनवाणी चालत पुढे गेलेली. तिला पत्ताच नाही! मी चप्पल उचलली. म्हटलं, "चप्पल सांभाळता येईना झाली का आता?" ती हसली, पायात घालायला गेली, पंजा वर होईना. हाताने धरून घातली. मी पाहिलं. लक्षात घ्या, मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं — मी, ज्याच्या नजरेतून खिशावरचा हात सुटत नव्हता.

आणि त्याच आठवड्यात रुबीनाचा फोन आला.

फोन माझ्या मोबाइलवर आला, कारण दवाखान्यात नंबर माझाच द्यायचा असं मी ठरवलं होतं. मालती मागे विहिरीवर होती. रुबीना म्हणाली — शब्द न् शब्द आठवतो — "काका, काकींच्या डाव्या पायातली ताकद कमी होतेय. काल टाचांवर उभं राहायला सांगितलं तर डावा पंजा उचलला जात नव्हता. त्यांना मी काल बोलले नाही, घाबरतील, तुम्ही नीट समजावून सांगा. मी आता त्यांना टेबलावर घेणार नाही. पण सर्जनला लगेच दाखवा, दिवस घालवू नका. आणि लघवीवरचा ताबा गेला तर त्याच क्षणी निघा."

मी "बरं बरं" म्हणालो. फोन ठेवला.

काय वाटलं मला? घाबरलो का? नाही हो. आनंद झाला. धरलं एकदाचं! इतके दिवस ज्याची वाट बघत होतो ते सापडलं. आधी गोड बोलायचं, मग घाबरवायचं आणि ओळखीच्या सर्जनच्या दारात नेऊन सोडायचं — सगळी साखळी मला डोळ्यांसमोर लख्ख दिसली. चप्पल आठवली का तेव्हा? आठवली. आठवली आणि मी ती बाजूला सारली. हे मी आज पहिल्यांदा बोलतोय.

मालती कळशी घेऊन आली. "कुणाचा हो फोन?" मी म्हटलं, "तुझ्या रुबीनाचा. आता यायची गरज नाही म्हणाली. बरी झालीस तू."

इतकं सहज आलं तोंडातून. तिने कळशी खाली ठेवली आणि तिथल्या तिथे देवीला हात जोडले. दुसऱ्या दिवशी तिने आमसुलं बांधून दिली, रत्नागिरीला जाताय तर त्या पोरीला द्या, म्हणावं काकींनी पाठवलीत. मी ती पुडी स्टँडवरच्या एका ओळखीच्याला देऊन टाकली. घरी येऊन सांगितलं, खूश झाली हो पोर.

त्यानंतरचे महिने मी काय सांगू? पंजा पार लुळा पडत गेला. चालताना पाय फटफट आपटायचा. मालती म्हणायची, "रुबीनाला विचारू या का?" मी म्हणायचो, ती बरी झालीस म्हणाली ना? आता व्यायाम कर. थंडी सरता सरता ती पाखाडीवर पडली. हाड काही मोडलं नाही, पण माणसांनी उचलून वर नेली तिला.

सर्जनने पाय तपासला. पंजा वर उचला म्हणाला, तो हलेना. "ही कमजोरी बऱ्याच महिन्यांची आहे. फार उशीर केलात. ऑपरेशन करू, पण गेलंय ते परत येईल असं वाटत नाही. आधी कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

मी तिथेच उभा होतो. तिच्या उशाशी. मालती म्हणाली, "नाही हो डॉक्टर. उलट बरी झालात म्हणाली ती." आणि माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी मान डोलवावी. मी मान डोलवली.

बोलता आलं असतं का? आलं असतं. त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. दरवाजा लोटलेला होता. मला कुणी मारलं नसतं.

ऑपरेशन झालं. पोटऱ्यांचं दुखणं कमी झालं, डावा पंजा मात्र गेला तो गेलाच. मालतीचा तो शिमगा हॉस्पिटलात गेला. मुंबईहून मुलगा आला, तो पेटलाच. वाडीच्या ग्रुपवर त्याने लिहिलं, त्या बाईने माझ्या आईचा पाय घालवला, कुणी जाऊ नका. रत्नागिरी ती केवढी! मोहल्ल्यातली पोर, परदेशी शिक्षण, आवाज न येणारं टेबल — माझ्या मनातलं सगळंच लोकांच्याही मनात तयार होतं, फक्त कुणीतरी बोलायचं बाकी होतं. पावसाळा तोंडावर आला तोवर तिच्या दवाखान्याच्या बाकावर कुणी दिसेना.

मग एके दिवशी ती आमच्याकडे आली. एकटी. पाखाडी उतरून आमच्या अंगणात, खळ्यात येऊन उभी राहिली. मालती पडवीत खुर्चीवर, पायाला पंजा उचलून धरणारा पट्टा. मी झोपाळ्यावर. मालतीने तिला बस म्हटलं नाही. दारी आलेल्या कुणालाही गूळपाणी दिल्याशिवाय न सोडणारी बाई ती, पण तिने तोंड फिरवलं. रुबीना माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही, काही नाही. म्हणाली, "काका, मी तुम्हाला फोन केला होता ना? सर्जनकडे न्या म्हणून?"

मालतीने माझ्याकडे पाहिलं.

हेच ते. इथवर येण्यासाठी मी तुम्हाला एवढं फिरवलं. त्या क्षणी संशय नव्हता मला, कसलाही. ती खरी आहे हे मला स्वच्छ माहीत होतं. साखळी-बिखळी काही नव्हती. एक खरं माणूस माझ्या खळ्यात उभं होतं, आणि मला फक्त "हो" म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "कुठला फोन?"

आणि माझा हात शर्टाच्या खिशावर गेला. चाचपायला लागला. मोबाइल खिशात नव्हताच, झोपाळ्यावर माझ्या शेजारी पडला होता.

रुबीनाने तो हात पाहिला की नाही, ठाऊक नाही. तिने पर्समधून स्वतःचा मोबाइल काढला. काही दाखवणार असेल. तेवढ्यात मालती म्हणाली, "राहू दे गो आता. आणखी खोटं नको बोलू. जा तू." रुबीनाने मोबाइल आत ठेवला. मालतीच्या पायातल्या पट्ट्याकडे बघून म्हणाली, "काकी, हा रात्री सैल करत जा," आणि गेली. पाखाडी चढून जाताना ती मला बराच वेळ दिसत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

तिने रत्नागिरी सोडली. बापाकडे गेली म्हणतात. दवाखान्याच्या जागी आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

मालती घरात काठी घेऊन चालते. पाखाडी मात्र संपली, वरही आणि खालीही. माझी सेवा बघून बाया म्हणतात, नवरा असावा तर असा. मालतीही म्हणते. अलीकडे मी तिला गाडीतल्या त्या जुन्या गोष्टी सांगत नाही, तर विचारते, का हो, विसरलात? आणि मला वाटतं — तिने खिशावरचा तो हात पाहिला असेल का? पाहून गप्प असेल का? सवय जात नाही.

यंदाच्या शिमग्याला पालखी खाली आमच्या खळ्यात आणली, हिच्यासाठी मुद्दाम. खुर्चीत बसूनच हिने ओटी भरली. मग मानकरी गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. घरचं नाव घ्यायचं, काय हवं-नको ते देवीपुढे मांडायचं आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्या सगळ्यांनी होकार भरायचा, अशी आमची रीत. मुलाच्या नोकरीचं मागून झालं, नातवाच्या दहावीचं झालं. मग मालतीने हात वर करून मानकऱ्यांना थांबवलं. म्हणाली, "आणखी एक घाला. ती बंदरावरची रुबीना. माझा पाय तिच्या हातून गेला, पण मी मनात ठेवलेलं नाही. पोरवय होतं, चुकली. जिथे असेल तिथे तिचं बरं कर, म्हणावं."

मानकऱ्यांनी ते देवीला जसंच्या तसं सांगितलं. ढोल थांबलेला होता. सगळी वाडी एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

मीही म्हणालो. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.